तिसरी घंटा कोण देणार?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एरवी या सदराकडे एकांकिकेला संहिता कुठली घ्यावी, पेटीचे भाते कुठे दुरुस्त होतील असले प्रश्न येतात. गणपती दोन महिन्यांवर आले की पत्रांचा सूर बदलतो. कार्यक्रमात कोणाला घ्यायचं, कसं घ्यायचं, आणि घेतलं नाही तर कोण रागावेल! यंदाच्या पत्रांतली पाच निवडली आहेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं, मग सगळ्यांचीच नावं गाळली.

प्रश्न : मॅडम, धायरीला आमची दोनशेच्या वर फ्लॅटची सोसायटी आहे. मी सांस्कृतिक समितीचा सचिव. गणपतीत विविध गुणदर्शनाच्या दिवशी आम्ही दरवर्षी विशेष मुलांच्या एका शाळेला नाचासाठी बोलावतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, शाळेला पाकीट देतो. गेल्या वर्षी बी विंगमधल्या एका आईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. "बाहेरची मुलं बोलावता, माझ्या मुलाला कधी विचारलंत?" म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही. यंदा त्याला घ्यायचं आहे. पण तो गर्दीत घाबरतो, मध्येच ओरडतो, असं ऐकून आहे. कसं घ्यावं?

उत्तर : सचिवसाहेब, तुम्ही या मुलाबद्दल ऐकलंय, त्याला भेटलेला नाहीत. तेव्हा आधी त्यांच्या घरी जा. समितीचं शिष्टमंडळ नको, तुम्ही एकटे जा आणि गणपतीच्या धामधुमीआधी जा. आईला विचारा: त्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो? मोठा आवाज, लुकलुकणारे दिवे, कोणी अचानक खांद्यावर हात ठेवणं, ठरलेलं ऐनवेळी बदलणं, यातलं काय? मग हेच त्यालाही विचारा. तो शब्दांत उत्तर देईलच असं नाही, पण प्रश्न त्याच्याकडे बघून विचारलेला त्याला कळतो.

'हा स्टेजवर काय करील?' हा प्रश्न मात्र घेऊन जाऊ नका. आमच्या सहकारनगरच्या नाटकाच्या गटात डाऊन सिंड्रोम असलेला एक तरुण आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, त्याला एखादं दोन वाक्यांचं काम द्यावं. त्याला काम करायचंच नव्हतं. त्याला हवी होती घंटा. आता आमच्या प्रयोगाला पहिली, दुसरी, तिसरी घंटा तोच देतो. हातात घड्याळ, वेळ झाली की झाली. नायकाची मिशी अजून चिकटायची असली तरी तिसरी घंटा होते. आमचे प्रयोग वेळेवर सुरू होतात ते त्याच्यामुळे. प्रेक्षकांना तो दिसतही नाही, त्याच्या नावाने टाळ्या पडत नाहीत. तो आला नाही तर मात्र प्रयोग अडतो.

बी विंगमधल्या त्या मुलासाठी असं काम शोधा. त्याला आरत्यांचा क्रम पाठ असेल. बऱ्याच घरांत अशा मुलाला क्रम चुकलेला चालत नाही, आणि तुमच्या मांडवात रोज तीन काका तीन वेगळ्या आरत्या सुरू करत असणार. क्रमाची पाटी त्याच्या हातात द्या. कार्यक्रमाच्या यादीवर झालेल्या आयटमसमोर खूण करणं, प्रसादाच्या द्रोणांची मोजणी, चित्रांची मांडणी, काहीही चालेल. काम खरं हवं, एवढी एकच अट. त्याला बरं वाटावं म्हणून शोधून काढलेलं काम त्याला ओळखू येतं, आणि त्याच्या आईला तर लगेच येतं.

आता आवाजाचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० नंतर स्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देतं, पण ती सवलत वेळेची असते, आवाजाची नव्हे. चार इमारतींच्या मधल्या चौकात लावलेला स्पीकर भिंतींवर आपटून दुप्पट अंगावर येतो. एक संध्याकाळ, निदान पहिला अर्धा तास, स्पीकर आणि ढोलाशिवाय ठेवा. आरती टाळ-झांजांवर, तीही बेताने. क्लब हाऊसची खोली उघडी आणि शांत ठेवा, आणि मुलाला ती आदल्या दिवशीच दाखवा. खुर्ची बाहेर पडायच्या वाटेजवळ. तो ओरडला तर निवेदकाने माइकवरून काही बोलायचं नाही, समजूतदारपणाचं भाषण तर अजिबात नाही. पुढचा आयटम सुरू करायचा.

स्टेजबद्दलही सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर प्रमाण एकास बारा. स्टेज अडीच फूट उंच असेल तर उतार तीस फूट लांब झाला. तुमच्या पार्किंगमध्ये तीस फूट नसणार, मग दोन फळ्या टाकून चार जणांनी खुर्ची उचलायची, असा तमाशा होतो. त्यापेक्षा स्टेजच नको. जमिनीवर सतरंजी घाला, प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा. गुडघेदुखीवाल्या आज्याही मग फेर धरायला पुढे येतील.

बाहेरच्या शाळेला नाही म्हणू नका. फक्त त्यांचं नृत्य झाल्यावर पाकीट देऊन बसमध्ये बसवू नका. जेवायला थांबवा, आणि पुढच्या वर्षी एकच नाच तुमची मुलं आणि त्यांची मुलं मिळून बसवा. तालमी त्यांच्या शाळेत. तुमच्या पालकांना तिथवर मुलं सोडायला जावं लागेल, हा त्यातला मोठा फायदा.

जाता जाता: १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यांत ती आहे. सोसायटीच्या यादीत वॉचमनची मुलं आहेत का, तेही एकदा बघा. वर्गणी भरली नाही म्हणून ती गाळली असतील, तर हा वेगळा विषय नाही.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी, वय ६८, राहणार कर्वेनगर. पेटी बरी वाजवतो. वस्तीतल्या मुलांना रविवारी मोफत शिकवावी अशी इच्छा. एका संस्थेकडे गेलो तर त्यांनी पोलिस पडताळणी आणि दोन ओळखीच्या माणसांची पत्रं मागितली. जन्मभर लोकांचे पैसे सांभाळले, त्याचं हे फळ? अपमान वाटला.

उत्तर : काका, बँकेत असताना चेहरा सज्जन दिसतो म्हणून तुम्ही कोणाला केवायसीशिवाय खातं उघडून दिलंत का? इथे तर मुलं सांभाळायची आहेत. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. तो मनापासून पाळणाऱ्या संस्था असंच विचारतात. जी संस्था काहीच विचारत नाही, तिच्याकडे जाऊ नका.

कागद द्या आणि चार गोष्टी पाळा. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर बसायचं नाही. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. खाऊ वाटायचा नाही, कारण मग पेटीचा वर्ग राहत नाही, खाऊची रांग होते. आणि मे महिन्यात मुलाकडे अमेरिकेला जायचं असेल तर मुलांना मार्चमध्येच सांगायचं. न सांगता गायब होणारे पाहुणे त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

पहिले काही रविवार पेटी उघडूच नका. वस्तीत ढोलकी, हलगी वाजवणारा कोणीतरी असतोच असतो. त्याच्या शेजारी बसा. पुढे वर्ग दोघांनी मिळून घ्या.

प्रश्न : कोथरूडचं आमचं महिला मंडळ एकांकिका करतंय. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेची सोय करायची आहे. आमच्यातली एक जण यूट्यूबवरून शिकते आहे. तिला उभी केली तर चालेल का?

उत्तर : नाही. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेलं मराठी नव्हे, तिचं व्याकरण वेगळं आहे. प्रशिक्षित दुभाषी घ्या, मानधन द्या. दोघं लागतील, कारण वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे हात आणि डोकं दोन्ही थकतात. संहिता त्यांना निदान दोन आठवडे आधी द्या. त्यांच्यावर स्वतंत्र दिवा ठेवा. रंगमंचावर अंधार करून भावपूर्ण स्वगत म्हटलंत तर कर्णबधिर प्रेक्षकाला फक्त अंधार मिळेल. त्या बाजूच्या पुढच्या खुर्च्या राखून ठेवा, आणि रंगीत तालमीला एका कर्णबधिर व्यक्तीला बोलावून 'दिसतंय का' ते विचारा.

तुमच्या मैत्रिणीचं शिकणं थांबवू नका. मध्यंतरात बटाटेवडा खाताना गप्पा मारायला कोणीतरी लागतंच, आणि बहुतेक वेळा तिथेच कोणी नसतं.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. मूळ बीड जिल्ह्यातला, शिवाजीनगरला हॉस्टेलवर राहून मराठीत एम.ए. करतो. प्रत्येक परीक्षेला लेखनिक शोधावा लागतो. मुलं-मुली येतात, त्यांचे उपकार विसरत नाही. पण कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालायला गेलो तर तिथल्या विद्यार्थ्यांनी सांगितलं, "तू कशाला? तुझ्यासाठी तर आम्ही आहोत." ते प्रेमाने म्हणाले. मला अभिवाचन आवडतं. मला सेवा घ्यायची नाही असं नाही, करायचीही आहे.

उत्तर : मित्रा, मी बरीच वर्षं कॉलेजात ही योजना सांभाळली आहे, त्या अनुभवावर सांगते. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. स्वयंसेवक डोळसच असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याला लेखी अर्ज दे, तोंडी नको. तोंडी विचारलं की प्रेमाने 'बस रे तू' म्हणता येतं. अर्जावर तसं लिहून सही करायला कोणी धजणार नाही.

अर्जात काम तूच सुचव. मी तुझ्या जागी असते तर लेखनिकांचं प्रशिक्षण मागितलं असतं. पुण्यात लेखनिक व्हायला तयार असलेली मुलं भरपूर, पण त्यांना शिकवतं कोण? प्रश्न पूर्ण वाचायचा की गाळून वाचायचा, आकृती कशी सांगायची, उत्तर 'सुधारायचं' नाही, शुद्धलेखन विचारून घ्यायचं, परीक्षार्थी विचार करत असताना गप्प बसायचं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला निदान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत, हे पर्यवेक्षकाला नम्रपणे कसं सांगायचं. रस्ता ओलांडताना दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं. हे सगळं तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवील? शिकवलेला प्रत्येक तास तुझ्या १२० मध्ये धरायला सांग.

अभिवाचनासाठी आधी संहितेचं बघ. नाटकवाल्यांच्या बऱ्याच मराठी संहिता अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पडून आहेत. डोळ्यांना त्या देवनागरी दिसतात, पण संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमधून नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू येते. स्कॅन केलेली पीडीएफ तर थेट मुकी. गटाला पहिल्याच दिवशी सांग, संहिता युनिकोडमध्ये हवी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी वाचतो, हे तुला माहीत असेल, त्यांना नसेल. युनिकोड मजकुरावरून ब्रेल प्रत काढणंही सोपं जातं. वाचनात ब्रेल हाताखाली असली की मान वर राहते, आवाज कागदात पडत नाही. कागदात तोंड खुपसून वाचणाऱ्या आमच्या डोळस मंडळींना मी हे दाखवायला तुला बोलावीन.

दिग्दर्शकाला एक आधीच बजाव: चुकलं तर सगळ्यांइतकंच ओरडा. अंध वाचकाच्या चुकीला टाळी देणारा दिग्दर्शक नट घडवत नाही.

आणखी एक काम तुझ्या वाट्याचं आहे. अंध प्रेक्षक नाटकाला येणार असतील तर पडदा उघडण्याआधी त्यांना रंगमंचावर नेतात. टेबल, दार, पायऱ्या, नायिकेचा शालू हाताने बघू देतात. प्रत्येक नट स्वतःच्या आवाजात आपलं पात्र सांगतो. प्रयोग चालू असताना संवादांच्या मधल्या जागांत, कोण उठलं, कोणी चिठ्ठी लपवली, हे कानात सांगितलं जातं. हे वर्णन डोळस माणसं लिहितात आणि नको तितकं लिहितात. पडद्याच्या निळ्या रंगाच्या छटा सांगत बसतात आणि चिठ्ठी राहून जाते. ते तपासायला तुझ्यासारखा माणूस लागतो. गटाकडे जाशील तेव्हा हेही काम माग, मानधनासकट.

प्रश्न : नमस्कार मॅडम. पर्वतीच्या बाजूला वस्तीत राहतो, वय २४. डिलिव्हरीचं काम करतो, ताशा वाजवतो. दर डिसेंबरला एका कॉलेजचं शिबिर आमच्यात येतं. काळे कुर्ते, डफ, गोल करून पथनाट्य. 'कचरा टाकू नका', 'दारू सोडा'. पोरं चांगली असतात. पण कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत चढत नाही. खाली चौकात सकाळी थांबते तेव्हा बायका कामाला गेलेल्या असतात, त्यातल्या कोणी ह्याच पोरांच्या घरी भांडी घासायला. ते नाटकात येतच नाही. भांडण न करता कसं सांगायचं?

उत्तर : भांडून सांगितलंस तरी माझी हरकत नाही. पण तू ताशा वाजवतोस, तुझ्याकडे त्याहून चांगलं साधन आहे.

या गावात हे नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि पाच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यातच सत्यशोधक समाज सुरू झाला. त्या विचाराचे जलसे पुढे गावोगाव गेले. ज्यांना तमाशा कळत होता त्यांनी तमाशाच्याच बाजात, ढोलकी-तुणतुण्यावर, सावकार आणि भटजींना सवाल टाकले. नंतर आंबेडकरी जलसे झाले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. १९४१ ला सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आले. यातल्या जलशांत आणि लाल बावट्यात तरी बोलत होती ती ज्यांच्यावर बेतलं होतं ती माणसं. पथनाट्याने डफ उचलला तो इथूनच, पण बोलणारा बदलला. योगायोग असा की कॉलेजांची ही शिबिरं ज्या योजनेतून होतात ती राष्ट्रीय सेवा योजनाही २४ सप्टेंबरलाच सुरू झाली, १९६९ मध्ये. शिबिराच्या उद्घाटनाच्या भाषणात हे कोणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

ब्राझीलमध्ये ऑगस्तो बोआल नावाच्या नाटकवाल्याला तुझ्यासारखाच प्रश्न पडला होता. शहाणी माणसं येऊन गरिबांना काय करा ते सांगतात, हे त्याला पटेना. १९७०च्या दशकात त्याने वेगळी रीत काढली. दहा मिनिटांचा प्रसंग करायचा, ज्यात अन्याय होतो आणि शेवट वाईट होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांतल्या कोणीही 'थांबा' म्हणायचं, पुढे यायचं, अन्याय सोसणाऱ्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून बघायचं. बाकीचे नट त्याला सोपं जाऊ देत नाहीत. पुढे बोआल रिओ शहरात नगरसेवक झाला आणि अशा खेळांतून निघालेल्या सूचनांचे त्याने कायदे करून घेतले. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' हा गट १९८५ पासून खेड्यांत याच पद्धतीने काम करतो.

तुझा प्रसंग तर तयारच आहे. सकाळी सात, एक बाई, हातात दोन बादल्या, ओला-सुका वेगळा केलेला. गाडी आलेली नाही. साडेसातची बस. बादल्या कुठे ठेवायच्या? मागून काळ्या कुर्त्यातली पोरं डफ वाजवत येतात. या जागी लोक हसतील, हसू दे.

ही बाई पुरुषाने लुगडं नेसून करायची नाही, ज्या रोज कामाला जातात त्यांच्यातल्या एकीने करायची. तालीम रात्री साडेआठनंतर, त्याआधी त्या घरी नसतात. सूत्रधार वस्तीतला हवा, तूच हो. कारण प्रेक्षकांतून एखादा शिकलेला मुलगा येईल, बाईच्या जागी उभा राहील आणि म्हणेल, "मी सरळ आयुक्तांना फोन करतो." तेव्हा सूत्रधाराने विचारायचं, "नंबर आहे का तुझ्याकडे? बरं, बस तर गेली. कामावर खाडा पडला. आता?" हा प्रश्न कॉलेजच्या सूत्रधाराला सुचणार नाही.

दारूचा विषय आला तर जपून. ज्या बाईचा नवरा पितो ती समोरच बसलेली असते, तिची गोष्ट ओळखू येईल अशी करायची नाही. मला विचारशील तर या वर्षी दारू सोड, नुसती गाडी घे.

प्रयोग आधी तुमच्या गल्लीत. मग तोच खेळ त्या पोरांच्या सोसायटीत, जिथे तुमच्या बायका कामाला जातात. पाहुणे म्हणून नव्हे, खेळ घेऊन. दुसऱ्या ठिकाणी 'थांबा' म्हणून कोण उठतं ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे. दोन्हीकडून निघालेल्या सूचना लिहून ठेव. आपली महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं सुचवून घेते. २००६ मध्ये सुरू झालेली पद्धत आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, मुदतीचं तिथेच विचार. गाडी वळायला जागा नसेल तर छोटी गाडी, नाहीतर संध्याकाळची दुसरी फेरी, यातलं लोकांनी खेळात जे निवडलं असेल ते त्यात लिही.

डिसेंबरच्या शिबिराचं वेळापत्रक कॉलेजं दिवाळीच्या सुट्टीआधीच ठरवतात. तेव्हा ऑक्टोबर लागला की कार्यक्रम अधिकाऱ्याला जाऊन भेट. एकटा जाऊ नकोस, दोघी-तिघींना बरोबर घे. सात दिवसांतला एक दिवस तुमच्या नाटकाला मागा. त्या दिवशी स्वयंसेवकांनी सतरंज्या घालायच्या, चहा करायचा आणि प्रेक्षकांत बसायचं. ते 'स्क्रिप्ट आधी पाठवा' म्हणतील. स्क्रिप्ट अजून व्हायची आहे म्हणून सांग आणि तालमीला बोलाव, रात्री साडेआठनंतर, तुमच्या गल्लीत.